बारा वाव पाणी

उम्म अल क्वैनच्या खाडीतून बाहेर पडलं
की दीड तास वायव्येला,
जिथं काही म्हणजे काहीच दिसत नाही,
तिथं बारा वाव पाण्याखाली
खल्फानची लाकडी लाँच आहे.
नऊ वर्षांपूर्वी त्यानंच बुडवली.
इंजिन उतरवून, डिझेल पुसून काढून,
पोटात सिमेंटचे ठोकळे भरून.
लाकूड विकून दोन पैसे आले असते.
म्हणाला, मासळीला घर होईल.
मला ठिकाणा.

मला इथं नोखदा म्हणतात.
हर्णैला नाखवा म्हटलं असतं.
एकच शब्द, दोन किनाऱ्यांवर वाळत घातलेला.
बोट माझी नाही, मालक शारजात असतो,
बोटीवर ऐकून घेणं तेवढं माझं.

शुक्रवारी गळवाले.
'ते नळकांडीवाले बुडबुडे सोडतात,
हामूर दिवसभर बिळातून हलत नाही.'
शनिवारी पाणबुडे.
'यांच्या तंगूसच्या दोऱ्या आमच्या पायात.
परवा सुरी नसती तर
तुला रिकामाच परतावं लागलं असतं, कॅप्टन.'
हे बोलली ती रोवेना, सेबूची.
लाँच तिला पडद्यावर सापडली,
सपाट तळावर एवढंसं कुबड.
विचारणार कुणाला?
समुद्राचा सातबारा कुठल्या तलाठ्याकडे असतो?

मार्चात शमाल दोन दिवस जास्त वाहिला,
शुक्रवार बुडाला,
म्हणून खल्फान शनिवारच्या बोटीवर चढला.
तोंड पश्चिमेला करून बसला.
सलाम नाही, चहा नाही.

ती वर आली, चष्मा कपाळावर सरकवला,
मला म्हणाली, 'आज चुलीत हामूर बसलाय.
केवढा! तोंडच बाहेर.'
मी ते माझ्या मोडक्या अरबीत पुढं सरकवलं.
(हामूर म्हणजे आपला गोबरा. तो चुलीतही बसेल.)

खल्फानचा दोर गुंडाळणारा हात थांबला.
'चूल? पत्र्याची?'
'पत्र्याची. एक पाय वाकडा.'
'सालिमनं वाकवला तो. माझा भाऊ.
तांदूळ करपले म्हणून लाथ मारली होती.'
मग बराच वेळ इंजिनाचाच आवाज.
मग, तिच्याकडे न बघता:
'कलली कुठं?
किनाऱ्याकडे, की इराणकडे?'

नऊ वर्षं तो तिला बोटांनी ओळखत होता.
शिसं टणकन वाजलं, तो रहाट.
मऊ लागलं, ती वाळू साचलेली कोठी.
गळ अडकला की सुकाणू.
हिनं सगळं डोळ्यांनी पाहिलेलं,
पण कशाला काय म्हणायचं ते ठाऊक नव्हतं.
बर्फाच्या पेटीच्या झाकणावर
त्यानं ओल्या बोटानं लाँच काढली,
आणि वाळायच्या आत
तिनं ती आपल्या पाटीवर उतरवली.

त्यानंतर वार मोडले.
मी तिथी मोजणारा माणूस.
अष्टमीच्या भांगाला पाणी सुस्तावतं, तिनं उतरावं.
पुनवेच्या उधाणाला ओढ लागते,
मासा तोंड उघडतो, तेव्हा त्यानं बसावं.
कागद कुणी केला नाही.
खल्फान दोनदा भांगाला येऊन बसला,
हवापाणी बघायला आलोय म्हणाला,
पिशवीत म्हाकुळाचे तुकडे होते.
चुलीतल्या हामूरला मात्र हात लावायचा नाही
हे त्यानंच सुचवलं. त्याचं नाव सालिम.

काल रोवेनानं जाळीची पिशवी वर दिली.
नऊ वर्षांत तुटून राहिलेली शिसं, हिरवी, शिंपल्या चिकटलेली.
खल्फाननं ती डेकवर मांडली,
प्रत्येक उलटून बघितलं.
त्याची शिसं तो स्वतः ओततो,
बुडाशी नखाची खूण.

एकेचाळीस झाली.
उरलेली तीन त्यानं बाजूला सारली.
गुळगुळीत. यंत्रावर केलेली. नवी कोरी.
'ही माझी नाहीत.'

आम्ही तिघंही मान वर करून
चहूकडे बघायला लागलो.