खाचा

वाल्दिव्हियात पाऊस कधी लागला
हे कुणी विचारत नाही.
एलिसेओ वेंचुमानच्या दुकानाच्या पत्र्यावर
तो आठवडाभर एकच वाक्य बोलतोय
आणि मी ओला कोट न काढता
टायर बघत उभी.

मंगळवारी पहाटे, पायाकोच्या अलीकडे,
गाडी रस्ता सोडून पाण्यावर गेली.
आदळली नाही कुठे.
फक्त स्टिअरिंग हलकं झालं हातात,
फोनवर बोलता बोलता
पलीकडचं माणूस उठून गेल्यासारखं.
एक, दोन,
तीनला रस्ता परत आला.
मी पोचले तोवर बाळ जन्मून झोपलंही होतं.

एलिसेओ शंभर पेसोचं नाणं
जुन्या खाचेत उभं करतो. नाणं रुततच नाही.
"यावर वर्षभर बाळंतपणं केलीत?"
मी नाण्यावरच्या बाईकडे बघते.

ते रुंद टायर? दिसतात तर दणकट.
"रुंद पाय पाण्यावर तरंगतो.
तुम्हाला बदक नको, बकरी हवी."
मग नख रुतवून बघायला लावतो:
हे टणक, स्वस्त, वर्षानुवर्षं झिजणार नाही
आणि ओल्यात साबणाची वडी.
हे मऊ. लवकर संपेल.
"धरून ठेवतं ते झिजतंच, सेन्योरा."
कडेला चार आकडे: अकरावा आठवडा, यंदाचा.

खाचा मधून निघून कडेला पळतात,
माशाच्या काट्यासारख्या.
बोट फिरवते. इथून पाणी शिरेल,
इथून बाहेर.
अडवायचं नाही, वाट करून द्यायची.
हे काम मला ठाऊक आहे.

पैसे दोनांपुरतेच.
पुढे लावा, मी म्हणते.
"मागे. पुढचं सुटलं तर तुम्हाला कळतं,
मागचं सुटलं तर झाडाला."

पावतीमागे पेन्सिलनं:
हवा बत्तीस.
पहिले दोनशे किलोमीटर सावकाश, नवं रबर निसरडं.
पन्नासनंतर नट पुन्हा आवळा.

गाडी जॅकवरून उतरतेय तोच
फुत्रोनोहून फोन. नवरा आहे, आवाज चिरका:
पाणी गेलंय, दोन्या नेलिदा.

पन्नासावा किलोमीटर कुठल्याशा
दूध डेअरीच्या फाटकासमोर येतो.
वायपर चालूच ठेवून उतरते.
पाना, गुडघे चिखलात,
मागचं डावं,
मागचं उजवं.
एक नट खरंच ढिला होता.