विलंब

सतरा किलो चारशे.
काउंटरवरची मुलगी म्हणाली, पंधराच चालतात.
तिच्या नखांवर बारीक चंदेरी ठिपके होते
आणि मागे रांगेत एक माणूस सारखा घसा खाकरत होता.

बॅग उघडली. भर विमानतळावर
आमचा संसार फरशीवर.
निशिकांतचं स्वेटर, जे उदयपूरला लागणार नाही
असं मी तीनदा बजावलं होतं.
आईची सुकट, तीन पिशव्यांत गुंडाळलेली,
तरी वास आलाच.
रांगेतला माणूस खाकरायचा थांबला.

निशिकांतनं स्वेटर अंगात घातलं, मे महिन्यात.
सुकट आईच्या कापडी पिशवीत गेली.
पंधरा किलो शंभर.
मुलगी म्हणाली, असू दे काकू.

मग तपासणीत अडकित्ता निघाला.
पितळी, मोराच्या तोंडाचा, एक डोळा झिजलेला.
"हा आत नेता येणार नाही, आजी."
बॅग तर केव्हाच पट्ट्यावरून रबरी झालरीपलीकडे गेली होती.
आई म्हणाली, "मंग पावती दे."
त्याच्याकडे पावती नव्हती.
आई हलेना.
तिला सवय आहे, काही गेलं की कागद घ्यायची.
करंजाड्याच्या घरी लोखंडी पेटी भरली आहे अशा कागदांनी,
एकावर आमच्या आंब्यांची संख्यासुद्धा लिहिली आहे, शिक्क्यासकट.
दोन.
होते तीन.

बोर्डावर आमच्या ओळीत आधी चार दहा,
मग पाच पस्तीस,
मग नुसतंच 'विलंब'.
मी उदयपूरला फोन लावला. हॉटेलवाला म्हणाला
तळ्यातली बोट सहाला बंद होते, पैसे परत मिळत नाहीत,
पण संध्याकाळ फार छान आहे इकडे.
धाकट्याचा चार्जर बॅगेत, बॅग त्यांच्याकडे,
तो आता कोणाशीही भांडायला तयार.

आई कुठे आहे?

ती काचेशी उभी होती.
बाहेर एक विमान शेपूट आमच्याकडे करून,
त्याच्यापलीकडे टेकडीचा उरलेला तुकडा.
तो तुकडा एका डोळ्यानं धरून
आई मागे सरकत आली, पाऊल मोजत,
उन्हाळ्याची सुट्टी लागलेल्या पोरांच्या,
निळ्या बॅगांच्या मधून.
"इथं बाव व्हती."
तिथे एक मुलगा भिंतीला टेकून फोन चार्ज करत होता.
त्यानं पाय जवळ घेतले.
"न इथं आपला वटा."
तेविसावं गेट, तिसरी रांग, कडेची खुर्ची.
खुर्चीवर टाय लावलेला एक गृहस्थ.
म्हातारं माणूस बघून तो उठला, बिचारा.

मी म्हटलं, आई, भराव केवढा टाकलाय माहितीये?
आपण आता कौलांच्याही वर आहोत.
"तरीच," ती म्हणाली, "मना गार लागतं."
निशिकांतनं स्वेटर काढून तिला दिलं.
मी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

तिनं कनवटीची सुपारी काढली,
हात सवयीनं पिशवीत गेला,
रिकामाच परत आला.
अख्खी सुपारी तिनं गालात ठेवली.

मग छतातून आवाज आला.
इंग्रजीत, हिंदीत, शेवटी मराठीत:
आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.
आई वर बघू लागली. दिवे, जाळ्या, एक कॅमेरा.
"कोन बोलली?"
मशीन आहे, आई. आधीच भरून ठेवलेलं असतं.
तिनं सुपारी या गालातून त्या गालात नेली.
"बोलली तरी."

मग तिनं पाय वर घेतले.
चपला खुर्चीखाली, जोडीनं,
टाचा भिंतीकडे,
घरात शिरताना काढतात तशा.