दिसता?

डिचोलीत, आमच्या कौलांवर चढून
अँटेना फिरवायचं काम माझं.
"आल्तिनोकडे कर!" पपा खालून.
मी वरून विचारायचो, "दिसता?"
"ना!"
पडद्यावर अजून मुंग्याच.
मग एकदम, "राव, राव, हालूं नाका!"

आणि मग हसू, कौलांच्या फटींतून वर येणारं,
शेजारच्या कायतानचं सगळ्यांत मोठं.
कमरेत मुरडत कुणीतरी
चहाचा ट्रे घेऊन आलेला असायचा.
नाव नसलेला, दोन वाक्यांचा,
दार लागलं की संपणारा.
मी त्याला कधी पाहिलाच नाही.
गंजलेला पाइप धरून
फक्त त्याचं हसं ऐकलं
आणि चालताना हात खिशात ठेवायला शिकलो.

केबल आली. अँटेनावर कावळे बसू लागले.
एका मालिकेत तसाच एक, शिकलेला, इस्त्रीच्या शर्टातला;
चौदाव्या भागात त्याने गोळ्या खाल्ल्या.
आईने पदर डोळ्यांना लावला.
"बरो भुरगो आशिल्लो."
त्या आशिल्लोपाशी
माझा घास तसाच राहिला.

परवा उल्हास जेवायला आला होता.
आठ वर्षं झाली, आई अजून त्याला
'पर्वरीचो इश्ट' म्हणते.
टीव्हीवर दोन पुरुष, एकाच घरातले,
गॅस कुणी बुक करायचा यावरून भांडत होते.
बस, एवढंच. कुणी मेलं नाही.
मोतीबिंदूचं ऑपरेशन नवं, म्हणून आई
खुर्ची पुढे ओढून बसलेली.
"हांगा आयदनां कोण घासता रे?"
तिने पडद्याला विचारलं.

"हांव," उल्हास म्हणाला.

पंखा फिरत राहिला.
आईने मागे न बघता
रिमोट त्याच्याकडे धरला:
"आवाज मातसो वाडय."