बोट

क्लाक्सविकच्या मासळी कारखान्यात, जेवणघराच्या भिंतीवर
म्हातारा सुन्लेवुर खडूनं गटाचा तक्ता लिहायचा.
सहा देश, सहा ओळी.
आमची ओळ सगळ्यात खाली, जिथे भिंतीला ओल येते
आणि खडू धरत नाही.
तो म्हणायचा, तुमचं नाव पुसावंही लागत नाही, पोरांनो,
आपसूक जातं.

नऊ सामने, नऊ हार.
केलेले दोन, खाल्लेले सत्तावीस.
उणे पंचवीस.
रक्तगट विचारला तर चुकून तेच सांगेन
इतकं पाठ झालेलं.

आमच्यात एक सुतार, दोन मास्तर, एक पोस्टातला,
गोलकीपर हानुस बोगद्यातले दिवे बदलणारा,
मी सालमनचे काटे उपसणारा.
परदेशी सामन्याआधी रजेचा अर्ज:
'कारण' या रकान्यात 'विश्वचषक पात्रता' लिहिताना
हात उगाच चोरटा व्हायचा.

दहावा सामना घरी.
आम्ही कधीच बाद.
पाहुण्यांना फक्त जिंकायचं होतं
आणि आम्हाला हरवणं म्हणजे जिन्याची एक पायरी उतरणं.
बसमधून उतरले, टेकडीवरच्या मेंढ्या बघून हसले,
मग तोंडं मिटली त्यांनी.
इथे वारा दातांत शिरतो.

विसाव्या मिनिटाला त्यांचा गोल. ठरल्यासारखा.
त्यानंतर काय झालं ते नीट सांगता येत नाही.
झालं असं की काहीच झालं नाही,
हानुसनं दोन अडवले, एक खांबानं,
दोन-तीन तर वाऱ्यानंच.

एक्क्याऐंशीवं मिनिट. फ्री किक.
बार्दुर चेंडू ठेवायचा, मागे सरायचा,
चेंडू उठून चालू लागायचा.
तीनदा.
रेफरीनं घड्याळाकडे पाहिलं.
"ये रे," बार्दुर मला म्हणाला.

मी पोटावर आडवा झालो.
हनुवटीला चिखल, बोट चेंडूच्या टाळूवर.
आत काहीतरी थरथरत होतं,
चेंडूच्या, का माझ्या.

माझे वडील वर्षातले नऊ महिने बोटीवर.
उरलेल्या तिनांत त्यांनी मला एकच गोष्ट शिकवली:
दोर कधी सोडायचा.
आधी नाही. नंतर तर नाहीच.

पावलं आली.
सोडलं.
किंचित नंतर.

गोल मी पाहिलाच नाही, तोंड गवतात होतं.
ऐकला.
आधी नुसता वारा,
मग कुणीतरी बाई किंचाळली, बहुधा हानुसची आई,
मग सगळा डोंगर.

शिट्टी झाली तेव्हा त्यांचा सात नंबर
जिथे होता तिथेच बसला.
त्याच्या गुडघ्याचा विमा आमच्या बंदराहून मोठा, असं म्हणतात.
तो रडत होता, लहान मुलासारखा, नाक न पुसता.
मी हात पुढे केला. त्याला दिसला नाही.
काय सांगणार होतो मी त्याला?
सवय होते म्हणून?

त्या रात्री दूर कुठल्यातरी उकाड्याच्या शहरात
लोक आमच्या देशाचं नाव घेऊन नाचले म्हणे.
आमच्यामुळे ते जाणार होते.
उच्चार साफ चुकीचा.

सोमवारी सहाची पाळी.
सुन्लेवुरनं ओल फडक्यानं टिपली आणि लिहिलं:
बरोबरी एक. गुण एक.
केलेले तीन, खाल्लेले अठ्ठावीस.
वजाबाकी दोनदा केली,
मग खो खो हसत सुटला.
उणे पंचवीस.
जिथल्या तिथे.

रबरी मोजा चढेना म्हणून राण्वानं माझा हात ओढून पाहिला.
नख काळंनिळं, बोट सुजून गाजर.
कामावर लागलं का, तिनं विचारलं,
मग फॉर्म भरावा लागतो.

भरला.
'कारण' या रकान्यात
लिहिलं, वारा.