पूल जपस

अनेर तिथे खडकात अंग चोरून वाहते,
आणि वर हा, सागाचा, बावीस पावलांचा,
डोक्यावर नळीची कौलं घेऊन.
मी नवा ओव्हरसियर, मिरजेकडचा,
हातात टेप, खिशात निर्लेखनाचा कोरा नमुना.

"पुलाला छप्पर कशाला?"
झिपरू मिस्तरी अंजनाची खुंटी तासत होता.
"लाकूड वझाघाई नही मरस, साहेब,
ऊनघाई मरस."

मे महिना. शिरपूरहून येताना
सायकलची सीटसुद्धा चावत होती.
पुलात शिरलो
आणि माठ ठेवलेल्या कोपऱ्यासारखा गारवा.
दोन शेळ्या, एक पोस्टमन,
कुणालाच पलीकडे जायची घाई नव्हती.

बांधला कुणी? दप्तरात पान नाही.
कुणी म्हणे जंगलखात्यानं,
कुणी म्हणे एका सरकीवाल्यानं,
ज्याची बैलजोडी इथेच वाहून गेली.
झिपरूला ठाऊक फक्त दुरुस्त्या:
हा वासा पोळ्याच्या पुरानंतर बापानं घातला,
ही फळी दगा पाटलाच्या वरातीत तडकली,
नाचणारे अजून कबूल करत नाहीत.
तो खांब बाहेरून ठणठणीत,
पण बोटानं वाजवला की पोकळ बोलतो.
उधई.

सांध्यांना तो बिब्ब्याचं तेल लावायचा.
मनगटापर्यंत फोड, जुने, नवे.
आखाजीच्या आधी मधली तुळई हमखास तपासायची,
कारण माहेरी आलेल्या पोरी
तिलाच झोका बांधतात, सांगूनही.
आमच्या खात्याची भारचाचणी
याहून कडक नसते.

मी टेप ओढत मोठ्यानं आकडे सांगू लागलो.
गवताचा भारा घेतलेली ठगूबाई जाता जाता म्हणाली,
"हयू बोला ना. पूल जपस."
मी लिहून घेतलं:
ग्रामस्थ पूल जपतात.

तीन महिन्यांनी, चहाच्या टपरीवर
एक आई रडक्या पोराला थोपटत होती,
"जपी जाय, जपी जाय",
तेव्हा कळलं, इथे जपणं म्हणजे झोपणं.
नोंद खोडली नाही.

आता वरच्या अंगाला सिमेंटचा पूल आहे.
बस तिकडून जाते, ट्रॅक्टर तिकडून.
इकडे शेळ्या.
झिपरूचा भाचा भिका वर्षातून दोनदा कौलं चाळतो,
पैसे कोण देतं, विचारलं तर हसतो.

आणि तो नमुना?
एक खुंटी सैल होती, पाचर किंचित बारीक.
"कागद शे का?" झिपरूनं विचारलं होतं.
मी खिशात हात घातला.
त्यानं चार घड्या घातल्या, फटीत सारला,
वरून तीन घाव.
तिथे अजून करकरत नाही.