दुसऱ्या चहाच्या आत

अण्णांचं तेरावं झालं, आणि मी व श्रीरंग
त्यांची खोली आवरायला बसलो,
लोकमान्य नगरात, सकाळी नऊला.
चार सदरे. दोन पायजमे.
एक स्वेटर, कोपराला रफू, वेगळ्याच रंगाच्या लोकरीचं.
मिलचा बिल्ला; मिल बंद पडून तीस वर्षं झाली तरी पुसलेला.
छत्री: दांडा दोनदा बदललेला, कापड एकदा,
तरी ते तिला म्हणायचे ‘जुनी छत्री’.
आणि पितळी डबा, त्यात खिळे, वायसर, सुतळी,
एका पुडीवर त्यांच्या अक्षरात:
‘शिलाई मशीनचा नट. मशीन विकले. नट राहिला.’

दुसरा चहा यायच्या आत संपलं.
‘बस्स? इतकंच?’ श्रीरंग म्हणाला,
आणि आम्ही दोघांनी उगाचच
पलंगाखाली वाकून पाहिलं.

बायपासजवळच्या आमच्या फ्लॅटमध्ये
एक गेस्टरूम आहे.
गेस्टला तिथे उभं राहायला जागा नाही.
ट्रेडमिल, तिच्यावर टॉवेल,
एअर फ्रायर, त्याचं खोकं, त्याच्या आधीचा एअर फ्रायर,
अकरा चार्जर, ज्यांचे फोन केव्हाच वारले.

आमचं शहर स्वच्छतेत पहिलं येतं.
मला अभिमान आहे, खोटं कशाला बोलू.
पोहे खाऊन झाल्यावर द्रोण हातात धरून
डबा दिसेपर्यंत चालणारी माणसं आहोत आम्ही.
ओला, सुका, प्लास्टिक, बॅटऱ्या: झोपेतही चुकणार नाही.
पिवळ्या गाडीवरचा कमलेश एकदा म्हणाला,
‘दीदी, आपका सूखा तो रोज़ फुल रहता है.
घर में शादी है क्या?’
लग्न नव्हतं. सेल होता.

वेगळं करायला शिकले मी.
कमी करायला
शिकायचं राहूनच गेलं.

मिक्सर घेऊन राणीपुऱ्यात गेले, अय्यूबभाईंकडे.
त्यांनी तो उलटा केला, चष्मा वर केला, खाली केला,
‘इसमें पेंच ही नहीं है, बेटा.
खोलने के लिए बनाया ही नहीं.’
आणि तो माझ्याकडे परत देताना
जरा सावकाश दिला, आजारी माणसाला देतात तसा.

रात्री मावशीला फोनवर
हे सगळं सांगत होते, चहापर्यंतचं.
शाल्मली, वय नऊ, ऐकत होती.
फोन ठेवल्यावर म्हणाली,
‘आई, तुझी खोली आवरायला मला किती चहा लागतील?’

मी हसले.
मग गेस्टरूमचा दिवा लावला, आणि
मोजायला लागले, आणि
दिवा बंद केला.
तिला तर चहा आवडतही नाही.

अण्णांची छत्री मी आणली आहे.
तीन खोल्यांच्या घरात
तिला टांगायला एक खुंटी नाही.
खिळा आहे, पितळी डब्यात.
हातोडी नाही.
अंगठा आपोआप फोनवर गेला, ‘उद्या सकाळी सातपर्यंत’,
चार तारे, हजारो लोकांची पसंती.
शाल्मली काही बोलली नाही. नुसती बघत होती.

फोन पालथा ठेवला.
समोरच्या फडणिसांची बेल
या सहा वर्षांत पहिल्यांदा वाजवली.
‘हातोडी?’ काकू म्हणाल्या, ‘आहे की.
पण आधी आत तर या.’