आतल्या पट्टीवरचं भोक

दापोलीच्या स्टँडमागे माझी टपरी:
चेन बसवणे, हँडल शिवणे, छत्रीच्या काड्या.
सोमवारी दोनच्या गाडीने हर्णैच्या शमीमबी हमदुले आल्या
आणि पिशवीतून टॉवेल, टॉवेलातून पर्स काढली
तान्ह्याला अंघोळीनंतर उघडावं तशी.

कातडं असं, की हात लावण्याआधी
मी पँटला दोनदा हात पुसले.

"आत बघा."

आत, कंपनीच्या नावाच्या पट्टीवर
मुगाएवढं भोक.
फाटलेलं नाही, झुरळानं खाल्लेलं नाही.
यंत्राने पाडलेलं, गोल, मुद्दाम.

तुफैल दुबईहून पाठवतो.
सुट्टीच्या दिवशी दोन बस बदलून जातो
वाळवंटातल्या त्या बाजारात, जिथे मोठ्या कंपन्या
मागच्या वर्षीचा रंग निम्म्या भावात काढतात.
काढतात, पण जीव होत नाही त्यांचा.
एका माणसाला दोनच. ओळखपत्राची नोंद.
"बहिणीसाठी का?" दुकानातली मुलगी हसून विचारते.
तिसऱ्या खेपेला त्याचं नाव टाकलं
आणि पडद्याकडे बघता बघता ती हसायची थांबली.
सही घेतली: स्वतः वापरीन, विकणार नाही.
वर हे भोक,
म्हणजे पर्स कुठल्याही घरात गेली तरी
उघडल्या उघडल्या तिनेच चुगली करावी.

"खेडच्या डॉक्टरीणबाईंनी परत केली," शमीमबी म्हणाल्या.
"डागी आहे म्हणाल्या."

डागी हा आमच्याकडे आंब्याचा शब्द.
डागी आंबा आपण घरात खातो,
आणि खरं सांगायचं तर तोच गोड लागतो.

"माझी आई बंदरावर लिलावात पापलेट घ्यायची,
इथे आणून विकायची. तिला कधी कुणा तांडेलाने विचारलं नाही,
बाई, तू खाणार की विकणार?"
विचारलं असतं, तर अख्खं बंदर हसलं असतं.

मी हसलो नाही. मला लाल दोरा आठवला.
एका वर्षी आश्रमशाळेला चाळीस दप्तरं दिली, अर्ध्या पैशात,
आणि प्रत्येकाच्या तळाशी, आतून, लाल दोऱ्याची फुली घातली,
कुणी बाजारात नेऊन विकू नये म्हणून.
दिवाळीआधी खेडच्या बाजारात एक दिसलंच.
फुली उसवलेली. इतक्या हलक्या हाताने,
की सुईची भोकंसुद्धा मिटत आली होती.
कुणाची तरी आई असणार.
दोन दिवस मी चिडून होतो.
तिसऱ्या दिवशी वाटलं, हा हात माझ्या टपरीवर हवा होता.

"बुजवता येईल?"
येईल. पण बुजवलेलं भोक
उघड्या भोकापेक्षा जास्त बोलतं.

मग ताडपत्रीला ठोकतो ती पितळी रिंग काढली,
सगळ्यात लहान. हातोडीचे तीन ठोके.
रिंगेत साखळी, साखळीला हूक.
त्यांनी स्वतःच्या घराची किल्ली अडकवून पाहिली,
पर्स झुलवली, कान लावून ऐकली.

मला वाटलं, आता ही पर्स त्या ठेवून घेणार.

किल्ली काढली. टॉवेल, पिशवी, गाठ.
"किल्लीची सोय आहे, म्हणून पाचशे जास्त सांगते."

मी वीस रुपये घेतले.
पावती त्यांनी मागितली नाही, मी दिली नाही.
हर्णैची गाडी लागलीच होती.